कमी कर्बोदकांची मेलोमाकारोना : ग्रीक नाताळची मसालेदार बिस्किटे पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

डिसेंबर लागला की ग्रीसमधल्या मिठाईच्या दुकानांत दोन प्रकारच्या बिस्किटांच्या राशी शेजारी शेजारी रचलेल्या दिसतात. एक रास पिठीसाखरेत घोळलेल्या पांढऱ्या कुराबिएदेसची असते, आणि दुसरी मधाच्या पाकात बुडवून वर अक्रोडाचा चुरा पेरलेल्या तपकिरी मेलोमाकारोनाची. दालचिनी, लवंग, संत्र्याची साल आणि ऑलिव्ह तेल यांचा एकत्रित वास ही मेलोमाकारोनाची खूण आहे. मात्र मैदा, रवा, साखर आणि मध या चारही गोष्टी एकाच बिस्किटात असल्यामुळे, ज्यांना मधुमेहामुळे किंवा अन्य कारणाने कर्बोदके मोजून खावी लागतात त्यांच्या ताटातून ते सर्वात आधी वगळले जाते. ते वगळण्याची गरज नाही, असे माझे ठाम मत आहे. या बिस्किटाची चव ज्या पदार्थांमुळे ओळखू येते त्यांपैकी बहुतेकांत कर्बोदके फारच थोडी असतात. बदलावे लागते ते पीठ आणि गोडवा, आणि या दोन बदलांमुळे कृतीत जे फेरफार करावे लागतात ते नीट समजून घेतले तर पहिल्याच खेपेला समाधानकारक बिस्किटे होतात.

ग्रीक मसालेदार बिस्किटांत मेलोमाकारोनाचीच निवड का केली, हे आधी सांगायला हवे. मुस्तोकूलुरा नावाच्या कड्याच्या आकाराच्या बिस्किटांतही दालचिनी आणि लवंग असते. पण ती द्राक्षांच्या रसावर किंवा तो आटवून केलेल्या काकवीसारख्या दाट रसावर उभी असतात, आणि हा रस म्हणजे जवळजवळ निव्वळ साखर. तो काढला तर मागे काही उरत नाही, म्हणून त्या वाटेला जाऊ नये. ईस्टरची कूलुराकिया वेणीसारखी वळलेली असतात आणि त्या वळणासाठी गव्हातल्या ग्लूटेन या चिवट प्रथिनाचा ताण लागतो. बदामाच्या पिठाची वेणी हातातच तुटते. कुराबिएदेस कमी कर्बोदकांत सहज होतात, पण त्यांत मसाल्याचा भाग नाममात्र असतो. मेलोमाकारोनाचा घाट लांबट अंड्यासारखा आणि साधा असतो, शिवाय मूळ कृतीतही ग्लूटेन वाढू नये म्हणून पीठ मळायचे टाळतात, त्यामुळे ग्लूटेन नसलेले पीठ या बिस्किटाला फारसे परके वाटत नाही.

मूळ कृती काय साधते

ऑर्थोडॉक्स चर्चच्या परंपरेत नाताळापूर्वी १५ नोव्हेंबर ते २४ डिसेंबर असा चाळीस दिवसांचा उपवास असतो आणि त्यात मांस, अंडी, दूध आणि लोणी वर्ज्य असते. मेलोमाकारोनात लोण्याऐवजी ऑलिव्ह तेल असते आणि अंडे अजिबात नसते, त्यामुळे ती या उपवासाच्या चौकटीत बसतात. आपल्याकडच्या शाकाहारी घरांना ही गोष्ट सोयीची आहे. कमी कर्बोदकांच्या बहुतेक कृतींमध्ये बदामाचे पीठ बांधून ठेवण्यासाठी अंडे घालतात. इथे मात्र मूळ परंपरेला धरून अंडे न घालता इसबगोलाने काम भागवले आहे.

पारंपरिक कृतीत तेल, संत्र्याचा रस, थोडी ब्रँडी आणि मसाले एकत्र घुसळून त्यात मैदा व बारीक रवा हलक्या हाताने मिसळतात. अर्धा किलो पिठाला साधारण पाव लिटर तेल लागते. पीठ जास्त मळले तर तेल सुटते आणि बिस्किटे चिवट होतात. बिस्किटांचे घाट वळून त्यांवर किसणीने किंवा काट्याने नक्षी उठवतात, भाजतात आणि लगेच पाकात सोडतात. यातला पक्का नियम असा की बिस्कीट आणि पाक यांपैकी एक गरम आणि एक गार असले पाहिजे, म्हणजे पाक आतपर्यंत जातो आणि बिस्कीट फुटत नाही. हे लक्षात ठेवावे, कारण आपल्या कृतीत सर्वात मोठा बदल याच ठिकाणी होणार आहे.

पीठ बदलताना

मैद्यात दर १०० ग्रॅममागे सुमारे ७६ ग्रॅम कर्बोदके असतात, रव्यात त्याहून किंचित कमी आणि मधात सुमारे ८२ ग्रॅम. सोललेल्या बदामाच्या पिठात एकूण कर्बोदके २० ग्रॅमच्या आसपास असतात आणि त्यांतला जवळपास निम्मा भाग तंतूंचा असल्यामुळे शरीराला मिळणारी कर्बोदके ९ ते १० ग्रॅमच धरली जातात. फरक एवढा मोठा असल्यामुळे बाकी कशालाही हात न लावता केवळ पीठ बदलले तरी अर्धे काम होते.

मात्र बदामाचे पीठ मैद्यासारखे वागत नाही. त्याच्या वजनाचा निम्मा भाग तेलाचा असतो. २५० ग्रॅम पिठात सुमारे १२५ ग्रॅम तेल आधीच आहे. मूळ कृतीच्या प्रमाणात ऑलिव्ह तेल घातले तर ट्रेवर तेलाचे थारोळे होते आणि बिस्किटे पसरतात. म्हणून तेल बरेच कमी करावे लागते. दुसरी अडचण अशी की बदामाच्या पिठात स्टार्च जवळजवळ नसतो. मैद्याचे बिस्कीट पाक शोषून घेते, कारण त्यातला स्टार्च ओलावा धरून ठेवतो. बदामाचे बिस्कीट तेवढा ओलावा धरू शकत नाही आणि जास्त वेळ पाकात राहिले तर विरघळल्यासारखे सुटते. थोडे नारळाचे पीठ आणि इसबगोल घातले की ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघते, कारण दोन्ही पाणी धरून ठेवतात. नारळाचे पीठ म्हणजे मिठाईवर भुरभुरवतात तो सुक्या खोबऱ्याचा कीस नव्हे. तेल काढून घेतल्यावर उरलेल्या खोबऱ्याचे ते कोरडे, मऊ पीठ असते.

ज्यांना बदामाची किंवा एकूणच कवचफळांची ॲलर्जी आहे, त्यांच्यासाठी सोललेल्या सूर्यफूल बियांचे पीठ वापरता येते. त्यात खाण्याचा सोडा पडला की बिस्किटे आतून हिरवी पडतात. बियांमधल्या क्लोरोजेनिक आम्लाचा तो परिणाम असतो आणि त्याने काही अपाय होत नाही, पण पाहणारा दचकतो. अशा वेळी सोडा वगळून संत्र्याचा रस एखादा चमचा वाढवावा आणि वरच्या अक्रोडाऐवजी भाजलेले तीळ वापरावेत.

साहित्य

खालील प्रमाणात साधारण २० बिस्किटे होतात. पीठ वाटीने न मोजता वजनकाट्यावर मोजावे, कारण बदामाचे पीठ वाटीत दाबून भरले की सैल भरले यावर त्याचे वजन खूप बदलते. चमचा म्हटला आहे तिथे ५ मिलिलिटरचा मोजमापाचा चमचा समजावा.

बिस्किटांसाठी :
सोललेल्या बदामाचे बारीक पीठ २५० ग्रॅम
नारळाचे पीठ २० ग्रॅम
इसबगोलाची बारीक पूड ८ ग्रॅम
दळलेले एरिथ्रिटॉल (साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ) ५० ग्रॅम
बेकिंग पावडर १ चमचा
खाण्याचा सोडा पाव चमचा
दालचिनीची पूड दीड चमचा
लवंगेची पूड पाव चमचा
जायफळ चिमूटभर, मीठ पाव चमचा
ऑलिव्ह तेल ६० मिलिलिटर
संत्र्याचा ताजा रस ४० मिलिलिटर आणि एका संत्र्याची किसलेली साल
ब्रँडी १५ मिलिलिटर. ती नको असेल तर तेवढेच पाणी

पाकासाठी :
पाणी १२० मिलिलिटर
ॲल्युलोज (हाही साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ) १५० ग्रॅम
दालचिनीचा एक तुकडा, ३ लवंगा, संत्र्याच्या सालीची एक लांब पट्टी
मध २ चमचे

वरून पेरण्यासाठी अक्रोडाचा भरड चुरा ४० ग्रॅम आणि त्यात चिमूटभर दालचिनी.

काही जिन्नस निवडताना घाई करू नये. आपल्याकडच्या दुकानांत ऑलिव्ह तेलाच्या ज्या बाटल्या स्वस्त दिसतात त्यांवर बहुधा ‘पोमेस’ असे लिहिलेले असते. ऑलिव्हचे तेल काढल्यावर उरलेल्या चोथ्यातून रसायनांच्या साहाय्याने काढून शुद्ध केलेले ते तेल असते आणि त्याला ऑलिव्हचा वास जवळजवळ नसतो. या बिस्किटात लोणी नाही, तूप नाही. स्निग्धतेची सगळी चव तेलावर अवलंबून आहे, म्हणून इथे एक्स्ट्रा व्हर्जिन तेलच घ्यावे. लागते फक्त ६० मिलिलिटर, तेव्हा लहान बाटली पुरते.

दालचिनीबाबतही तसेच आहे. बाजारात मिळणारी जाड, एकाच थराची, तिखट सालीची दालचिनी बहुधा कॅसिया जातीची असते. पापुद्र्यांवर पापुद्रे गुंडाळलेली, बोटाने सहज मोडणारी साल ही खरी श्रीलंकेची जात. तिचा वास सौम्य आणि गोडसर असतो आणि संत्र्याशी तो जास्त जुळतो. कोकणात लावली जाणारी दालचिनी याच जातीची आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तिचा ‘कोकण तेज’ नावाचा वाणही दिला आहे. कोकणातून कुणी आणून दिली तर तीच वापरावी. लवंग मात्र कोणतीही घेतली तरी पाव चमच्याच्या पुढे जाऊ नये. लवंगेचा तिखटपणा भाजल्यावर उतरत नाही, आणि पाकातही लवंगा आहेत हे विसरू नये.

बदामाचे पीठ घरी करायचे असेल तर बदाम उकळत्या पाण्यात मिनिटभर ठेवून सोलावेत आणि पूर्ण कोरडे होईपर्यंत पंख्याखाली पसरावेत. रात्रभर पसरूनही आत ओलावा वाटला तर ओव्हनमध्ये अगदी मंद, ७० अंशांच्या आसपास, अर्धा तास ठेवावेत आणि पुन्हा गार करावेत. मिक्सर एकसारखा न फिरवता थांबून थांबून फिरवावा, दर खेपेला चाळावे आणि वरचा रवा पुन्हा दळावा. भांडे गरम झाले तर थांबावे, नाहीतर पिठाऐवजी बदामाचा लगदा हाती येतो. सालीसकट दळलेले पीठही चालते, पण बिस्किटे भरड होतात आणि जरा सैल बांधली जातात.

गोडव्याची दोन कामे

साखरेच्या जागी काय घालावे, हा प्रश्न बहुतेक जण एकच समजतात. इथे ते दोन वेगळे प्रश्न आहेत. पिठातल्या गोड पदार्थाने बिस्कीट घट्ट व्हायला मदत करायची आहे, तर पाकातल्या गोड पदार्थाने द्रवच राहायचे आहे. एकच पदार्थ दोन्ही कामे नीट करत नाही.

एरिथ्रिटॉल साखरेच्या सुमारे ७० टक्के गोड असते, रक्तातली साखर वाढवत नाही आणि त्याच्या एका ग्रॅमला अवघी ०.२ कॅलरी धरतात. भट्टीत ते वितळते आणि बिस्कीट गार होताना पुन्हा घट्ट होते, म्हणून पिठासाठी ते उत्तम. पाकासाठी मात्र तोच गुण दोष ठरतो. खोलीच्या तापमानाला १०० मिलिलिटर पाण्यात साखर सुमारे २०० ग्रॅम विरघळते. एरिथ्रिटॉल त्याच्या निम्मेही विरघळत नाही. गरम असताना पाक स्वच्छ दिसतो, पण दुसऱ्या दिवशी बिस्किटांवर पांढरे, करकरीत कण जमतात आणि जिभेवर पेपरमिंट ठेवल्यासारखा गारवा येतो. साखरेच्या पाकात लिंबू पिळले की साखर बसत नाही, हे आपल्याकडे ठाऊक असते, कारण आम्लाने साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग होतात. एरिथ्रिटॉलचे तसे विघटन होत नाही, त्यामुळे लिंबू घालून काही साधत नाही.

ॲल्युलोजही साधारण तेवढेच गोड असते, पण ते पाण्यात सहज विरघळते, गार झाल्यावरही द्रव राहते आणि साखरेच्या पाकासारखा चकचकीतपणा देते. ते लवकर तांबूस होते आणि बिस्किटे मऊ ठेवते, म्हणून पिठात ते घालू नये आणि पाकात तेच घालावे. ॲल्युलोज न मिळाल्यास झायलिटॉल तितक्याच सहज विरघळते आणि साखरेइतके गोड असल्यामुळे ११० ग्रॅम पुरते. पण त्यात दर ग्रॅमला २.४ कॅलरी असतात, ते रक्तशर्करा थोडी वाढवते, आणि घरात कुत्रा असेल तर ते आणूच नये, कारण थोडे झायलिटॉलही कुत्र्यांच्या जिवावर बेतते. तिसरा मार्ग म्हणजे १२० मिलिलिटर पाण्यात फक्त ४० ग्रॅम एरिथ्रिटॉल विरघळवून उरलेला गोडवा स्टीव्हियाच्या थेंबांनी आणायचा आणि दाटपणासाठी झँथन गमची अगदी लहान चिमूट घालायची. ही तडजोड आहे, पण पाकात कण जमत नाहीत.

हे पदार्थ एका वेळी जास्त खाल्ले तर पोट फुगते किंवा जुलाब होतात. तेव्हा पहिल्या दिवशी दोन बिस्किटांवर थांबावे. २०२३ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रक्तातले एरिथ्रिटॉलचे वाढलेले प्रमाण आणि हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांचा संबंध आढळला होता. एरिथ्रिटॉल खाल्ल्यानेच तसे झाले, असे त्यावरून सिद्ध होत नाही, कारण शरीर स्वतःही ते थोडे तयार करते. तरीही ज्यांना आधीच हृदयविकार आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.

मधाविषयी माझे मत स्पष्ट आहे. ग्रीसमध्ये या पाकासाठी थाइम या वनस्पतीच्या फुलांचा सुगंधी मध नावाजलेला आहे, आणि मधाचा वास पूर्णपणे काढून टाकला तर उरलेल्या बिस्किटाला मेलोमाकारोना म्हणणे मला पटत नाही. दोन चमचे मधात सुमारे १२ ग्रॅम कर्बोदके असतात आणि निम्मा पाक भांड्यातच उरत असल्यामुळे एका बिस्किटाच्या वाट्याला त्यांतले ०.३ ग्रॅम येते. एवढी किंमत मोजणे रास्त आहे. महाबळेश्वरकडचा जांभळाचा मध किंचित कडसर असतो; संत्र्याच्या सालीसोबत तो फार चांगला लागतो.

पीठ भिजवणे

संत्रे धुऊन, पुसून आधी साल किसावी आणि मगच रस काढावा. बारीक किसणीवर साल हलकेच फिरवावी. खालचा पांढरा थर किसला गेला तर बिस्किटे कडू होतात. रस गाळून घ्यावा.

एका मोठ्या परातीत बदामाचे पीठ, नारळाचे पीठ, इसबगोल, एरिथ्रिटॉल, बेकिंग पावडर, मसाले आणि मीठ एकत्र करून दोनदा चाळावे. इसबगोल कोरडे असतानाच सगळीकडे सारखे पसरले पाहिजे, कारण ओले झाल्यावर त्याच्या गाठी मोडत नाहीत. वेगळ्या खोल भांड्यात तेल, ब्रँडी आणि सालीचा कीस घ्यावा. संत्र्याच्या रसात सोडा घातला की तो फसफसून वर येतो. फेस येताच तो रस तेलात ओतावा आणि फेटणीने मिनिटभर फेटावे. तेल आणि रस एकजीव होऊन दुधाळ दिसू लागले की ते कोरड्या मिश्रणावर ओतावे आणि लाकडी कालथ्याने, नंतर बोटांनी, सारखे करावे.

या टप्प्यावर पीठ हाताला चिकटते आणि पातळ वाटते. घाबरून वर आणखी पीठ टाकू नये. झाकण ठेवून पंधरा मिनिटे बाजूला ठेवावे. तेवढ्या वेळात इसबगोल आणि नारळाचे पीठ ओलावा ओढून घेतात आणि गोळा वळण्याजोगा होतो. मुठीत दाबल्यावर गोळा बांधला जाऊन बोटांचे ठसे स्वच्छ उमटले तर पीठ जमले. कडेला भेगा पडत असतील तर एक चमचा रस शिंपडावा. अजूनही चिकटत असेल तर आणखी दहा मिनिटे थांबावे.

घाट आणि भाजणे

ओव्हन १६० अंश सेल्सिअसवर, वरचा आणि खालचा दोन्ही रॉड चालू ठेवून, पंधरा मिनिटे आधी तापवावा. मूळ बिस्किटे १८० अंशांवर भाजतात. बदामाचे पीठ त्या तापमानाला वरून करपते आणि आत ओले राहते. लहान ओटीजीमध्ये रॉड ट्रेच्या जवळ असतात, म्हणून ट्रे मधल्याच खाचेत लावावा आणि त्यावर बटर पेपर अंथरावा.

साधारण २२ ग्रॅमचे गोळे करून तळहातांत लांबट अंड्याचा आकार द्यावा. गोळा किसणीच्या बारीक बाजूवर किंवा काट्यावर हलके दाबून उचलला की वर खाचा उमटतात. पाक आणि अक्रोडाचा चुरा तिथे धरला जातो, तेव्हा ही पायरी वगळू नये. सगळे गोळे एकाच जाडीचे असावेत. बदामाच्या पिठाची बिस्किटे भट्टीत फारशी पसरत नाहीत, त्यामुळे दोन बोटांचे अंतर पुरे.

वीस ते बावीस मिनिटे भाजावे आणि अर्ध्या वेळाने ट्रे फिरवावा. कडा गडद सोनेरी आणि माथा फिका तांबूस झाला की ओव्हन बंद करून दार किंचित उघडे ठेवावे आणि बिस्किटे दहा मिनिटे आतच राहू द्यावीत. यावेळी ती बोटाला मऊ लागतात आणि कच्ची असल्याचा भास होतो. नानकटाई भट्टीतून काढल्यावर जशी लगेच उचलू नये, तशीच ही बिस्किटेही उचलू नयेत. नंतर ट्रे बाहेर काढून किमान अर्धा तास, पूर्ण गार होईपर्यंत, त्यांना हात लावू नये. याच वेळात एरिथ्रिटॉल घट्ट होते, इसबगोलाची पकड बसते आणि बिस्कीट पाक सोसण्याइतके मजबूत होते.

पाकात बुडवणे

पारंपरिक कृतीत भट्टीतून निघालेले गरम बिस्कीट गार पाकात जाते. आपल्या कृतीत हे उलटे करावे लागते : बिस्कीट पूर्ण गार आणि पाक कोमटाहून थोडा गरम. गरम बदामी बिस्कीट पाकात सोडले तर झाऱ्यावर चुराच येतो.

पाणी, ॲल्युलोज, दालचिनी, लवंगा आणि संत्र्याची पट्टी मंद आचेवर ठेवावी, उकळी आल्यावर पाच मिनिटे उकळू द्यावे आणि आच बंद करावी. हा पाक एकतारी करायचा नाही. चमच्यावरून पडताना तो पाण्याहून जरा जड दिसला की पुरे. बोट सहज बुडवता येईल इतका निवला की मध घालून ढवळावा. मध उकळत्या पाकात घातला तर ज्या सुगंधासाठी तो घातला तोच उडून जातो.

एका वेळी तीन-चार बिस्किटे, नक्षीची बाजू वर ठेवून, झाऱ्यावर घेऊन पाकात उतरवावीत, मनात दहापर्यंत मोजावे, उलटवून पुन्हा पाचपर्यंत मोजावे आणि जाळीवर काढावीत. मैद्याच्या बिस्किटांना याहून बराच जास्त वेळ देतात. इथे तो मोह टाळावा. फुटण्याची फार भीती वाटत असेल तर बिस्किटे ताटात मांडून प्रत्येकावर थोडा पाक सावकाश घालावा, दहा मिनिटांनी पुन्हा थोडा घालावा. पाक ओला असतानाच दालचिनी मिसळलेला अक्रोडाचा चुरा बोटांनी दाबून बसवावा. अक्रोड आधी कढईत दोन-तीन मिनिटे कोरडे परतून घेतले तर त्यांचा तुरटपणा कमी होतो.

लगेच खाऊ नयेत. मेलोमाकारोना दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागतात, कारण पाक बाहेरून आत झिरपायला वेळ लागतो आणि मसाले एकमेकांत मुरतात.

बिघडले तर

बिस्किटे उचलताच मोडत असतील तर बहुधा पीठ भरड होते किंवा इसबगोल कमी पडले. कधी कधी ती फक्त पुरेशी गार झालेली नसतात. ट्रेवर तेल सुटले असेल तर बदाम दळताना लगदा होऊ लागला होता, असे समजावे. पुढच्या वेळी तेल १० मिलिलिटर कमी करावे. आतून कोरडी आणि घशात अडकणारी झाली तर नारळाचे पीठ मोजण्यात चूक झाली आहे; ते पाच ग्रॅमने वाढले तरी परिणाम जाणवतो. साबणासारखी चव आली तर सोडा जास्त पडला. खालून काळी आणि वरून फिकी झाली तर ट्रेखाली दुसरा रिकामा ट्रे ठेवून आच अडवावी.

किती खावीत आणि कशी ठेवावीत

वरच्या प्रमाणाने एका बिस्किटात, गोडव्यासाठी घातलेले एरिथ्रिटॉल आणि ॲल्युलोज सोडून, शरीराला मिळणारी कर्बोदके सुमारे २ ते २.५ ग्रॅम होतात. बदामाचे पीठ आणि अक्रोड यांच्या पाकिटांवरचे आकडे वेगळे असतील तर हिशेब त्याप्रमाणे बदलावा. कर्बोदके कमी आहेत म्हणून कॅलरी कमी आहेत असे मात्र नाही. बदाम, तेल आणि अक्रोड मिळून एका बिस्किटात सुमारे १२० कॅलरी जातात. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी पहिल्यांदा खाल्ल्यावर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर पाहावी, कारण थोड्याशा मधालाही प्रत्येकाचे शरीर वेगळा प्रतिसाद देते.

पाकात मुरलेली बिस्किटे घट्ट झाकणाच्या डब्यात, थरांमध्ये बटर पेपर घालून, थंडीच्या दिवसांत चार-पाच दिवस बाहेर टिकतात. मुंबई, कोकण किंवा गोव्याच्या दमट हवेत दोन दिवसांनंतर ती फ्रिजमध्ये ठेवावीत आणि खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढावीत. उरलेला पाक गाळून काचेच्या बाटलीत फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो आणि साखर न घातलेल्या घट्ट दह्यावर घालून खाता येतो. जास्त बिस्किटे करून ठेवायची असतील तर पाकात न बुडवता, भाजून गार केलेलीच फ्रीझरमध्ये ठेवावीत. लागतील तेवढी बाहेर काढून पूर्ण सामान्य तापमानाला येऊ द्यावीत, पाच मिनिटे १५० अंशांवर तापवून पुन्हा गार करावीत, आणि मग ताज्या कोमट पाकात बुडवून त्यांवर अक्रोड पेरावेत.